जॉर्जटाऊनचं दुकानघर : बांधणी दक्षिण चीनची, पाऊस पेनांगचा

वीस फूट रुंद आणि शंभर-सव्वाशे फूट खोल घर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे तिथे एकही खिडकी नाही. उजेड आणि वारा यायचा तो रस्त्याकडून, नाहीतर मागच्या दारानं. विषुववृत्तापासून साडेपाच अंशांवर, जिथे पारा वर्षभर 24 ते 32च्या दरम्यान घुटमळतो आणि पाऊस कुठल्याही महिन्यात येऊन जातो, तिथे असं घर बांधलं तर आत राहणाऱ्याचं काय होईल? नुसता नकाशा पाहून कुणीही म्हणेल, जीव गुदमरेल. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाऊन शहरात, अशा घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. त्यांत माणसांच्या कित्येक पिढ्यांनी खाली दुकान चालवलं, वर संसार केला. हे कसं जमलं, आणि आज तीच घरं दुरुस्तीनंतर ओलीनं का फुगतात, हे दोन प्रश्न मला एकाच प्रकरणाचे वाटतात.

पेनांगच्या वास्तूंवरचा 'चिनी प्रभाव' दाखवताना लाल कंदील, ड्रॅगन आणि आढ्याची वर वळलेली टोकं पुढे केली जातात. ती फोटोत छान येतात. पण नक्षी उद्या काढून टाकली तरी घर चालू राहील. चिनी स्थलांतरितांनी खरी भर घातली ती घराच्या छेदात, म्हणजे घर पुढून मागे उभं कापलं तर जे दिसेल त्यात. आणि तीसुद्धा त्यांनी एकट्यानं घातलेली नाही.

कोण आलं, कुठून आलं

फ्रान्सिस लाइटनं 11 ऑगस्ट 1786 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनं बेटावर झेंडा लावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या केडाहच्या किनाऱ्यावरून को ले हुआन हा चिनी व्यापारी मासे पकडायची जाळी भेट घेऊन आला. पुढे तोच पेनांगमधल्या चिनी लोकांचा पहिला 'कपितान', म्हणजे कंपनीनं मान्य केलेला मुखिया झाला. म्हणजे पहिले आले ते थेट चीनमधून नव्हे, तर या भागात आधीच स्थिरावलेले, मलय बोलू शकणारे लोक. थेट गलबतांतून येणाऱ्यांची रीघ त्यानंतरची : फुजियान प्रांताच्या दक्षिणेकडचे होक्किएन, शेजारच्या ग्वांगडाँगमधले टिओच्यू, कँटोनीज आणि हाक्का. लाइटनं आपल्या अखेरच्या दिवसांत कंपनीला कळवलं होतं की वस्तीतले सर्वांत मोलाचे लोक हेच. यांच्यात सुतार, गवंडी, लोहार, दुकानदार, मळेवाले सगळे आहेत. शहर वसवणाऱ्याला आणखी काय हवं?

रस्ते आणि सरकारी इमारतींसाठी मात्र कंपनीनं हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांना राबवलं. मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या या वसाहतींत धाडलेल्या कैद्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांची नावं कुठल्याही भिंतीवर नाहीत.

दक्षिण फुजियानचं पारंपरिक घर बाहेरून बंद असतं. रस्त्याकडे जाड भिंत, मोजकी दारं, आणि आत चौकाभोवती दालनं. समोरच्या मुख्य दालनात पूर्वजांचं देवघर. उत्तर चीनमध्ये हा चौक ऐसपैस, थंडीत ऊन आत यावं म्हणून. दक्षिणेकडे येईतो तो आक्रसतो, कारण तिथला उन्हाळा दमट आणि भाजणारा. चुआनचौ आणि चांगचौ या फुजियानच्या बंदरांत तर अरुंद आणि लांबच लांब घरंही आधीपासून होती, एकामागून एक चौक घातलेली. म्हणून 'थंड मुलखातल्या लोकांनी उष्ण मुलखाशी जुळवून घेतलं' ही सोपी कथा इथे लागू पडत नाही. उकाड्यावरचा अर्धा तोडगा हे लोक सोबत घेऊनच बोटीतून उतरले होते.

रुंदी कुणी ठरवली

घर इतकं अरुंद का, याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं : कर रस्त्यावरच्या रुंदीवर होता. ॲमस्टरडॅमपासून हनोईपर्यंत प्रत्येक अरुंद घराबद्दल हेच ऐकायला मिळतं, त्यामुळे मी ते जरा जपून घेतो. त्याहून पक्का पुरावा माळ्यावर आहे. वरच्या मजल्याच्या तुळया आणि छपराच्या आडव्या कड्या एका सामाईक भिंतीतून निघून समोरच्या सामाईक भिंतीत शिरतात, मध्ये खांब नाही. चेंगलसारख्या कठीण लाकडाचा सलग, भार झेलणारा वासा जितका लांब मिळेल तितकं घर रुंद. जागा हवी असेल तर मागे वाढा. शिवाय रस्त्यावर दुकानाचं तोंड हवं असणारे पुष्कळ आणि रस्ता मोजका. व्यापारी गावात पुढची जागा महाग असायला कर लागतोच असं नाही.

सुरुवातीची घरं लाकूड आणि अताप, म्हणजे निपा माडाच्या झावळ्यांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरात वारंवार आगी लागल्या, त्यानंतर विटा आणि कौलांकडे कल झाला. दोन घरांमधली विटांची भिंत छपराच्याही वर काढायची पद्धत आगीसाठी फार कामाची. एक घर पेटलं तरी रांग वाचते.

पुढून मागे

रस्त्यावरून आत शिरताना पहिल्यांदा लागते ती पडवी. प्रत्येक घराच्या पुढच्या भागातून सलग जाणारी, वर मजला असलेली. मलयमध्ये तिला 'काकी लिमा' म्हणतात, पाच फुटी वाट. ही चिनी नाही. 1822 साली, सिंगापूरची ब्रिटिश वसाहत वसवणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सनं तिथल्या नगररचनेसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत प्रत्येक विटांच्या घरापुढे ठरावीक खोलीची पडवी हवी आणि ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग, सगळ्यांसाठी खुली असावी असं लिहिलं होतं. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर 1826 मध्ये एका कारभाराखाली आले आणि पडवीची ही पद्धत पुढे या सगळ्या वस्त्यांत रुजली. साहेबाला हवी होती पादचाऱ्यांची वाट. दुकानदारानं तिथे टोपल्या मांडल्या, न्हाव्यानं खुर्ची ठेवली, खारवलेल्या मासळीच्या पाट्या आल्या. नगरपालिका आणि दुकानदार यांच्यातलं हे भांडण शतकभर चाललं, आणि ते कळायला आपल्याला पेनांगला जायची गरज नाही.

घराच्या दृष्टीनं मात्र पडवीनं मोठं काम केलं. खालच्या भिंतीवर ना ऊन पडतं ना पावसाची झड येते. मग तिथली दारं-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात. जड दरवाजाच्या बाहेर अर्ध्या उंचीची, कोरीव काम केलेली झुलती फाटकं असतात, 'पिंतू पगार'. ती लोटली की रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही आणि वारा वरून-खालून जात राहतो. वरच्या खोलीच्या लाकडी तक्तपोशीत, नेमकं दाराच्या वरती, तळहाताएवढा तुकडा बऱ्याचदा सुटा ठेवलेला असतो. रात्री कुणी दार ठोठावलं तर तो उचलायचा आणि पडवीत कोण उभं आहे ते वरूनच पाहायचं.

दुकानाच्या मागे देवघराचं दालन, त्याच्या मागे चौक. इथे घराचा जीव आहे. वरून उघडा, फार तर खोलीएवढा, ग्रॅनाइटच्या फरशीचा, भोवतीच्या जमिनीपेक्षा थोडा खोल. पाऊस थेट घरात पडतो, चारही बाजूंच्या पन्हळी त्यातच रिकाम्या होतात. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती आधी घरात यावी आणि मग सावकाश बाहेर जावी ही त्यामागची समजूत. म्हणून काही घरांत मोरीची वाट मुद्दाम वळणं घेत काढलेली. चौकाच्या कडेला विहीर, कधी दोन घरांत मिळून एक, मधली भिंत तिच्या तोंडावरून गेलेली.

भौतिकशास्त्राच्या भाषेत हा चौक धुराड्याचं काम करतो. खोल्यांतली तापलेली हवा वर चढते, चौकाच्या तोंडातून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला पडवीच्या सावलीतली हवा आत ओढली जाते. सूर्य माथ्यावर येतो तेव्हाच काय ते ऊन तळाला पोचतं, एरवी भिंतींची सावलीच भिंतींवर. लांब घरात असे दोन, कधी तीन चौक. कोंदट घर वाहतं ठेवायला इतकंच यंत्र, फिरणारा एकही भाग नाही.

बाकीचे भाग त्याला हातभार लावतात. कौलं पातळ, एकावर एक थर देऊन नुसती रचलेली, त्यांच्या फटींतून गरम हवा झिरपून जाते. (विसाव्या शतकात काही छपरांवर फ्रेंच धर्तीची खाचेची कौलं आली, आपण ज्यांना मंगलोरी म्हणतो त्याच घराण्यातली.) काही छपरांच्या माथ्यावर अजून एक छोटं छप्पर उचलून बसवलेलं असतं, मधल्या फटीतून वारा जायला, वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या वर वटवाघळाच्या किंवा फुलपाखराच्या आकाराची झरोक्यांची भोकं. वटवाघूळ चिनी लोकांत शुभ. जमिनीला भाजक्या मातीच्या फरश्या, भिंतींना चुन्याचा गिलावा.

बंद घर रस्त्याकडे उघडलं

या प्रकरणातला मला सर्वांत रोचक वाटणारा बदल वरच्या मजल्याच्या दर्शनी भिंतीत घडला. फुजियानचं घर रस्त्याला पाठ दाखवतं. जॉर्जटाऊनमध्ये तीच भिंत हळूहळू विरघळत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घरांचा वरचा मजला बुटका, साध्या लाकडी झडपांचा. मग झडपा मोठ्या होत गेल्या, जमिनीपासून वरपर्यंत उंच झाल्या, त्यांना हलवता येणाऱ्या तिरप्या पट्ट्या आल्या, आणि शतक संपता संपता सबंध दर्शनी भाग म्हणजे खिडक्यांची रांग, मध्ये जेमतेम खांबांपुरती भिंत. उंच, पट्ट्यांच्या खिडक्यांचा धडा मलय लाकडी घरांनी आणि युरोपियनांच्या बंगल्यांनी दिला. चिनी चौक मागून हवा खेचत होता, पुढून ती आत यायला आता पुरेशी जागा झाली. दोन वेगळ्या परंपरांतली अर्धी-अर्धी यंत्रं एका घरात जुळली असं म्हणता येईल.

पैसा आला तशी सजावट चढली. कथील आणि रबराच्या पैशानं 1890 नंतरच्या घरांवर ग्रीक धर्तीचे खांब, गिलाव्याच्या फुलमाळा, इंग्लंडहून आलेल्या रंगीत लाद्या आणि चिनी नक्षी एकाच भिंतीवर नांदते. आढ्यावरची चित्रं कारागीर रंगीत चिनीमातीच्या वाट्या फोडून, चिमट्यानं कातरून, एकेक पाकळी चुन्यात रोवून घडवत. 1930च्या दशकात आर्ट डेको शैलीची सरळ रेघ आली आणि फुलमाळा गळाल्या. दर्शनी भाग अशा तऱ्हेनं चार-पाच वेळा बदलला. त्याच्या मागचा छेद जवळपास तोच राहिला.

भाऊबंदकीची तटबंदी

घर एकेकटं पाहून चालत नाही, कारण रांग पुष्कळदा एकाच कुळाच्या मालकीची असे. कॅनन स्क्वेअरमधलं खू कुळाचं 'खू कोंगसी', म्हणजे कुळभवन, हे याचं ठळक उदाहरण. मध्ये फरसबंद चौक, एका बाजूला कुळाची भव्य वास्तू, समोर नाटकाचा मंच, आणि भोवती रस्त्याकडे तोंड केलेल्या दुकानघरांचं कडं. आत शिरायच्या वाटा मोजक्या आणि अरुंद. ऑगस्ट 1867 मध्ये गी हिन आणि तोआ पेह काँग या गुप्त संघटनांत, त्यांच्या बाजूच्या मलय टोळ्यांसह, जॉर्जटाऊनच्या रस्त्यांवर सुमारे दहा दिवस दंगल पेटली होती. ते लक्षात ठेवून या वाटांकडे पाहिलं की कड्याचा उपयोग कळतो. भाडं देणारी घरं हीच गढीची भिंत.

इथली पहिली आलिशान वास्तू 1901 मध्ये जळाली. सम्राटाच्या महालाशी बरोबरी केली म्हणून देव कोपले असं लोक म्हणाले, आणि 1906 मध्ये जी पुरी झाली ती म्हणे त्याहून लहान. ती 'लहान' वास्तू पाहून डोळे दिपतात. कारागीर चीनमधून आणवले होते. आणि तिच्या दारावर दगडात कोरलेला पहारेकरी आहे पगडीवाला शीख. त्या काळी पेनांगमधल्या श्रीमंताच्या दारावर पहारेकरी म्हटला की शीखच डोळ्यांपुढे येई, तर मूर्तिकारानं तोच कोरला.

निळा वाडा

दुकानघराचं तत्त्व पैशाची अडचण नसेल तर कुठवर जातं हे पाहायला लीथ स्ट्रीटवर जावं. चिओंग फॅट त्झे हा ग्वांगडाँगमधला हाक्का. तरुणपणी बटाव्हियाला (आजच्या जाकार्ताला) आला, डच मुलखात व्यापारानं गब्बर झाला, पुढे चिनी सरकारचा पेनांगमधला वाणिज्यदूतही झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं इथे वाडा बांधायला घेतला : 38 खोल्या, 5 चौक, 7 जिने, 220 खिडक्या. मांडणी दक्षिण चिनी, ओतीव लोखंडाचे खांब ग्लासगोचे, लाद्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या, झडपा पेनांगच्या. बाहेरच्या भिंतींचा गडद निळा रंग म्हणजे चुन्याच्या सफेदीत कालवलेली नीळ, तीही हिंदुस्थानातून आलेली.

चिओंग 1916 मध्ये वारला. शेवटचा मुलगा हयात असेतो वाडा विकायचा नाही अशी मृत्युपत्रात अट होती. तो 1989 मध्ये गेला. तोवर वाडा भाडेकरूंनी भरून, पडझडीला आलेला. वास्तुविशारद लॉरेन्स लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकत घेतला आणि जुन्याच साहित्यानं उभा केला. 2000 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतन पुरस्कार मिळाला. पेनांगमध्ये 'चुना वापरा' असं सांगणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक दाखवता येण्यासारखं उदाहरण आलं. पाठीशी पैसा आणि जाणकार असले की हे होतं. रांगेतल्या दुकानघरांची गोष्ट वेगळी आहे.

भाडं वाढलं, चौक झाकले

मलेशियात 1966चा भाडे नियंत्रण कायदा 1948 पूर्वीच्या इमारतींना लागू होता. भाडी गोठली. मुंबईतल्या पागडीच्या चाळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पुढचं सांगायला नको : मालकानं दुरुस्ती सोडली, भाडेकरूनं गरजेपुरतं केलं. पण कायद्याचा एक न योजलेला परिणाम असा की कुणी फारसं पाडलंही नाही. टोपल्या विणणारे, पाट्या कोरणारे, उदबत्त्या वळणारे आपापल्या जागी राहिले. 1 जानेवारी 2000 पासून कायदा गेला आणि भाडी एकदम चढली. कुटुंबं उपनगरांकडे निघून गेली. रिकाम्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजवून आत पाकोळ्यांची घरटी पिकवायचा धंदा फोफावला, कारण त्या घरट्यांचं सार चिनी बाजारात सोन्याच्या भावानं जातं. त्यासाठी ध्वनिमुद्रित किलबिलाट दिवसभर वाजवायचा आणि मुद्दाम ओल धरायची. लाकडी तुळया असलेल्या घराला याहून वाईट भाडेकरू शोधून सापडणार नाही. 2008 मध्ये मलाक्का आणि जॉर्जटाऊन जागतिक वारसा यादीत आले, त्यानंतर वारसा क्षेत्रातून हा धंदा हटवला गेला.

यादीत नाव लागलं आणि पैसा परत आला, यावेळी कॅफे आणि छोट्या हॉटेलांच्या रूपानं. नियमांचा आणि ग्राहकांचाही डोळा दर्शनी भागावर, म्हणून तो नीट रंगवला जातो. बिघाड आत होतो. चौकातून पाऊस येतो आणि चार टेबलांची जागा जाते, म्हणून वर पारदर्शक पत्रा टाकतात. गरम हवा पत्र्याखाली तुंबते, मग वातानुकूलन लावतात, त्यासाठी झडपा कायमच्या बंद करतात आणि कौलांखाली फळ्या ठोकतात. बाहेरची दमट हवा फटीतून शिरून गार भिंतीला टेकली की पाणी सुटतं आणि बुरशी धरते.

भिंतींचं दुखणं याहून चिवट. जुन्या विटा मऊ, पायात ओल अडवणारा थर नाही, आणि शहर समुद्रालगत. जमिनीतलं खारट पाणी विटांमधून वर चढतच असतं. चुन्याचा गिलावा ते सोसतो, पाणी बाहेर उडू देतो, क्षार आपल्या अंगावर घेऊन काही वर्षांनी झडतो, की नवा लावायचा. पोपडे दिसले म्हणून ठेकेदार चुना खरवडून सिमेंट थापतो आणि वर तकतकीत प्लास्टिक रंग देतो. आता पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते सिमेंटच्या आडून वर सरकतं, आधी कमरेएवढी असलेली ओल डोक्यापर्यंत जाते, लोणा विटेच्या आत साठून वीटच पिठासारखी होते. कोकणातल्या जांभ्याच्या घरांवर सिमेंट चढवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल.

जे दुरुस्ती नीट करतात त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी छप्पर आणि पन्हळी, मग मोरी मोकळी, मग सिमेंट उतरवून भिंत काही महिने उघडी ठेवायची, शोषक लगद्याचे लेप देऊन क्षार ओढून घ्यायचे, आणि शेवटी चुना. हे 'काही महिने' कर्ज काढून हॉटेल उघडणाऱ्याला परवडत नाहीत, आणि बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं. चौक उघडा ठेवायचा असेल तर पावसात भिजणारी जागा चालवून घेणारा माणूस आत राहायला हवा. पूर्वी तिथे भांडी घासली जात, कपडे वाळत आणि पोरं अंघोळ करत, म्हणून ती जागा कुणाला वाया गेलेली वाटत नव्हती. भाडं चौरस फुटावर मोजलं जातं तेव्हा ती वाया गेलेलीच ठरते, आणि वारसा क्षेत्राची नियमावली कितीही चोख लिहिली तरी हा हिशेब मालकाच्या वहीत रोज नव्यानं मांडला जातो.

जाता जाता एक गोष्ट, जी पेनांगच्या बाहेर घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सामुद्रधुनीत कमावलेले होक्किएन लोक फुजियानला परतले, तेव्हा त्यांनी शियामेनच्या नव्या रस्त्यांवर पैसा घातला. तिथेही आता दुकानांपुढे सलग, झाकलेली पडवी आहे, वर उंच खिडक्यांचा मजला आहे, आणि होक्किएनमध्ये त्या पडवीला 'गो-खा-की' म्हणतात. त्यातला 'पाच' त्यांचा आणि 'काकी' मलय.